ऋण फेडणे आणि ऋण सोडणे

'ज्युबिली' हा शब्द मुंबईकराला परका नाही. चित्रपट पंचवीस आठवडे चालला की त्याची 'सिल्व्हर ज्युबिली' होते, आणि दादा कोंडके यांच्या सलग नऊ चित्रपटांनी हा मान मिळवल्याचे आपण अभिमानाने सांगतो. शाळांच्या आणि पतपेढ्यांच्या स्मरणिका 'गोल्डन ज्युबिली'च्या निमित्ताने निघतात. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला १८८७ साली पन्नास वर्षे झाली, तेव्हा मुंबईत जी तंत्रशाळा निघाली तिच्या नावातच 'व्हिक्टोरिया ज्युबिली' हे शब्द होते. १९९७ पासून ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. त्याच ज्युबिली वर्षात साष्टीतल्या मराठी बोलणाऱ्या कॅथॉलिक समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले आणि 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' ही संस्था स्थापन केली. अंधेरीजवळच्या मरोळ-कोंडिविट्यापासून बोरिवलीच्या खाडीपलीकडील गोराईपर्यंत या समाजाची गावठाणे आजही आहेत.

या सर्व ठिकाणी शब्दाचा अर्थ एकच, तो म्हणजे उत्सव. मुळात मात्र तो उत्सवाचा शब्द नव्हता. हिब्रू भाषेतील 'योबेल' म्हणजे मेंढ्याचे शिंग. सात वेळा सात वर्षे उलटली की पन्नासाव्या वर्षी प्रायश्चित्ताच्या दिवशी हे शिंग देशभर फुंकायचे. मग कर्जापायी ज्याची जमीन गेली त्याला ती परत मिळायची, आणि कर्जापायी जो स्वतःच विकला गेला तो सुटून आपल्या कुटुंबात परतायचा. 'लेवीय' या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात हा नियम आहे. मराठी बायबलने 'योबेल' हा शब्द तसाच ठेवला. आपल्या नित्याच्या बोलण्यात मात्र तो इंग्रजीच्या वाटेने आला, आणि येताना ऋणमोचनाचा अर्थ वाटेतच गळून पडला.

आम्ही मराठीचे अध्यापक आहोत. ईश्वरविद्या हा आमचा विषय नव्हे. शब्द आणि शब्दामागचा व्यवहार यांचे नाते तपासणे एवढेच आमचे काम. त्या मर्यादेत राहून प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. कर्ज सोडून देण्याची आणि गरिबाला हात देण्याची बायबलमधील शिकवण नेमकी काय आहे? आणि ती मराठीत उतरली तेव्हा, मराठी मुलुखाच्या स्वतःच्या कर्जाच्या इतिहासाशी तिची गाठ कोठे पडली?

दान नव्हे, नियम

पहिली गोष्ट ही की जुन्या करारातील या आज्ञा 'दानधर्म' या सदरात बसत नाहीत. आपल्याकडे दान म्हटले की दात्याचे पुण्य आधी डोळ्यांसमोर येते. येथे घेणाऱ्याचा हक्क आधी आहे. शेताची कापणी करताना कडेचे पीक तोडू नये, खाली पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडावीत, अशी आज्ञा आहे. आपल्या खेड्यांत यालाच 'सरवा' म्हणतात. रूथ ही मवाबी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचावयास जाते, त्या कथेचा सारा पाया हा नियम आहे. ती भीक मागत नाही. नियमाने तिचे जे आहे ते वेचते.

गहाणाविषयीचे नियम तर थेट घरात शिरतात. जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ते घेणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्यास्तापूर्वी परत करावे, कारण रात्री तो दुसरे काय पांघरणार? गहाण आणावयास गेलेल्या सावकाराने ऋणकोच्या घरात पाऊल टाकू नये, बाहेर उभे राहावे. ऋणको स्वतः वस्तू बाहेर आणून देईल. हे 'अनुवाद' या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायातले तपशील आहेत. कर्जदाराच्या उंबरठ्याचा मान राखणारा हा नियम वाचताना मराठी वाचकाला जप्तीच्या किती कथा आणि किती कादंबऱ्या आठवतील, हे सांगावयास नको.

याच ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात दर सात वर्षांनी कर्ज सोडून देण्याची आज्ञा आहे. तिच्यासाठी योजलेला हिब्रू शब्द 'श्मित्ता'. त्याच्या धातूचा अर्थ हातातली वस्तू निसटू देणे, सोडून देणे. कर्जमोचनाचे हुकूम प्राचीन जगात इतरत्रही निघत. बाबिलोनचे राजे असे हुकूम काढीत; इसवी सनापूर्वीच्या सतराव्या शतकातील अम्मीसादुका राजाचा हुकूम मातीच्या विटांवर उपलब्ध आहे. पण तेथे मोचन राजाच्या मर्जीवर अवलंबून असे. इस्राएलाच्या नियमात ते कालगणनेवर सोपवले आहे. सातवे वर्ष येणार हे धनकोला ठाऊक आहे, ऋणकोलाही ठाऊक आहे. कोणी कोणाची मनधरणी करावयाची नाही, आणि सुटका झाल्यावर कोणाचे उपकारही मानावयाचे नाहीत.

धनकोची भीती

असा नियम केला की पुढचा प्रश्न ओघानेच येतो. सातवे वर्ष जवळ आले तर कर्ज कोण देणार? नियम करणाऱ्यालाही हे दिसत होते. सुटकेचे वर्ष आले आहे असा विचार मनात आणून गरजू भावाकडे पाठ फिरवू नये, अशी ताकीद त्याच अध्यायात आहे. पण ताकिदीने बाजार चालत नाही. इसवी सनाच्या आरंभीच्या सुमारास हिल्लेल या यहुदी आचार्याने 'प्रोझबुल' नावाची तोड काढली. धनकोने आपले येणे न्यायमंडळाच्या स्वाधीन करावयाचे, म्हणजे ते खाजगी कर्ज उरत नाही आणि सातव्या वर्षीही वसूल करता येते. गरिबाला कर्ज मिळत राहावे म्हणून सुटकेच्या नियमालाच वळसा घालावा लागला.

मृत समुद्राजवळच्या वाडी मुरब्बआत येथील गुहांत नीरो बादशहाच्या कारकीर्दीच्या दुसऱ्या वर्षी लिहिलेले एक अरामी खत सापडले. कर्ज घेणारा त्यात कबूल करतो की हे सुटकेचे वर्ष असले तरी मी रक्कम परत करीन. म्हणजे येशूच्या पुढच्याच पिढीत धर्मशास्त्राने दिलेला हक्क कर्जदाराकडून आधीच सोडवून घेण्याचा रिवाज होता. अडलेला माणूस कोणत्याही अटीवर अंगठा उठवतो, ही गोष्ट मराठी मुलुखाला नवी नाही.

या पार्श्वभूमीवर नव्या करारातील कर्जाच्या गोष्टी वाचाव्या लागतात. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दृष्टान्तात राजा आपल्या चाकराचे दहा हजार तालान्तांचे कर्ज सोडतो. एक तालान्त म्हणजे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी एका शब्दात सोडली. तोच चाकर बाहेर पडून आपल्या सोबत्याचा शंभर दीनारांसाठी गळा धरतो. लूकच्या सोळाव्या अध्यायातला कारभारी मालकाच्या कुळांना बोलावून शंभर मण तेलाचे खत पन्नासावर आणावयास सांगतो. पौलाच्या नावावरील कलस्सैकरांस पत्रात तर आपल्याविरुद्धचे हस्ताक्षरी खत वधस्तंभाला खिळून रद्द केले, अशी प्रतिमा येते. कर्ज हे तेथे केवळ रूपक नव्हते. ऐकणाऱ्यांच्या घरात तशी खते होती.

मराठीत आलेला शब्द

मराठीतल्या ख्रिस्ती लेखनाची परंपरा १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'पासून सांगितली जाते. बायबलचे थेट भाषांतर मात्र एकोणिसाव्या शतकातले. विल्यम कॅरी यांनी १८११ साली श्रीरामपूरहून मोडी लिपीत नवा करार छापला, आणि १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८२६ साली आपले भाषांतर प्रसिद्ध केले. या व नंतरच्या भाषांतरकारांपुढे प्रभूच्या प्रार्थनेतील एक जागा कठीण होती. मत्तयाच्या ग्रीक पाठात तेथे कर्ज असा शब्द आहे, लूकच्या पाठात पाप. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे तिच्यातील 'होबा' हा शब्द दोन्ही अर्थांचा आहे. आणि 'अफिएमी' हे ग्रीक क्रियापद कर्ज सोडणे आणि पापाची क्षमा करणे या दोहोंसाठी चालते.

प्रॉटेस्टंट मंडळींत रूढ असलेल्या मराठी बायबलने मत्तयात 'ऋण' आणि 'सोडणे' हे शब्द घेतले. कॅथॉलिक उपासनेतील मराठी प्रार्थनेत 'अपराध' आणि 'क्षमा' हे शब्द रूढ झाले. उपनगरातल्या एकाच रस्त्यावरच्या दोन चर्चमध्ये रविवारी एकच प्रार्थना म्हटली जाते. एकीकडे कर्जाची भाषा ऐकू येते, दुसरीकडे गुन्ह्याची. दोन्ही पर्यायांना मुळाचा आधार आहे, पण ऐकणाऱ्याच्या मनात उमटणारे चित्र एकच नाही. अपराधाची क्षमा मनाने करता येते. कर्ज सोडावयाचे तर वहीत खाडाखोड करावी लागते.

'ऋण' या शब्दाचीही एक अडचण आहे. तो संस्कृतातून आपली मोठी शिदोरी घेऊन येतो. तैत्तिरीय संहितेने ब्राह्मणाला जन्मतःच तीन ऋणे सांगितली आहेत: ऋषींचे ब्रह्मचर्याने फेडावयाचे, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने. ही ऋणे कोणी सोडत नाही. ती फेडावीच लागतात. आपल्या भाषेत मातृऋण, गुरुऋण, समाजऋण असे शब्द पुढे आले तेही याच वळणाचे. ऋण फेडणे हे मराठी मनाला थोर वाटते. ऋण सोडणे ही कृती आपल्या नैतिक शब्दसंग्रहात फारशी नाही. सावकाराच्या दाराशी उभा असलेला शेतकरी 'कर्ज' हा शब्द वापरीत होता. त्याने 'ऋण' ऐकले तेव्हा त्याच्या कानी देवापितरांची गोष्ट पडली असावी, तमसुकाची नव्हे, असे आम्हांस वाटते.

व्यवहाराच्या मराठीत सुटकेसाठी शब्द नव्हते असे मात्र नाही. कर्ज पुरे झाले, आता मागणे उरले नाही, असा लेख म्हणजे 'फारखत'. आज तो शब्द 'फारकत' होऊन नवराबायकोच्या विलग होण्यापुरता उरला. सरकारी साऱ्यात मिळे ती 'सूट'. आणि 'दामदुपट' हा तर जुन्या हिंदू व्यवहारशास्त्राचा नियमच होता: एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो मानला, आणि पुढे सावकारी नियंत्रणाच्या कायद्यांतही त्याचे तत्त्व उतरले. कर्जाला कोठेतरी अंत असला पाहिजे, ही जाणीव आपल्याकडेही होती. फरक एवढाच की दामदुपट व्याजाला थांबवते. मुद्दल सोडून द्या असे ती म्हणत नाही.

इंद्रायणीतील कागद

मुद्दलासकट सोडून देण्याचे मराठीतले सर्वांत ठळक उदाहरण तुकोबांचे. देहूच्या या घराण्याकडे महाजनकी होती, दुकानदारी होती आणि सावकारीही होती. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळाने सारे उद्ध्वस्त केले. पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढची हकीकत महिपतींनी अठराव्या शतकात लिहून ठेवली. लोकांकडे येणे असलेल्या रकमांची खते तुकोबा इंद्रायणीत बुडवावयास निघाले, तेव्हा धाकट्या भावाने, कान्होबाने, आपला संसार पुढे केला. तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले. भावाचा अर्धा त्याला दिला आणि आपला अर्धा नदीत सोडला.

या कथेकडे वैराग्याची कथा म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. ती तशी आहेच. पण कागद बुडाले त्या दिवशी देहूच्या आसपासच्या ऋणकोंच्या घरी काय झाले असेल? दुष्काळाने मोडलेल्या त्या माणसांच्या डोक्यावरून एक ओझे उतरले. कथेत त्यांची नावे नाहीत, त्यांनी कृतज्ञता व्यक्त केल्याचा प्रसंगही नाही. आणि हे फार महत्त्वाचे आहे. तुकोबांनी कोणाला घरी बोलावून कर्ज माफ केल्याचे सांगितले नाही. त्यांनी मागण्याचे साधनच नाहीसे केले. 'श्मित्ता' या शब्दाचा मूळ अर्थ, हातातले निसटू देणे, याहून नेमकेपणाने मराठीत घडलेला आम्हांस ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट कान्होबाच्या वाट्याची. तुकोबांनी भावाचा हक्क बुडवला नाही. जे आपले आहे तेवढेच सोडता येते. दुसऱ्याचे येणे सोडून देणे ही उदारता नव्हे. आजच्या चर्चेत हा भेद पुष्कळदा विसरला जातो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. भक्ती, नम्रता आणि शब्द यांच्या संदर्भात हा पूल समीक्षकांनी अनेकदा तपासला आहे. त्या पुलाचा एक खांब कर्जाच्या कागदांचाही असावा, असे म्हटल्यास ते ओढूनताणून केलेले विधान ठरू नये. गरिबांच्या खतांशी पवित्र पुरुषाने कसे वागावे, याचे उत्तर मराठी माणसाला तुकोबांच्या चरित्रातून आधीच मिळालेले होते.

सुपे, १२ मे १८७५

सोडणारा धनको नसेल तर काय होते, याचे उत्तर पुणे जिल्ह्याने दिले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले आणि कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच जमीनमहसुलाच्या फेरआकारणीने सारा वाढला, आणि तो ठरल्या तारखेला रोख भरावयाचा होता. कर्जाच्या दाव्यांना मुदत घालणारा १८५९चा कायदा ऋणकोच्या भल्यासाठी म्हणून केलेला. पण मुदत संपत आली की सावकार नवे खत लिहून घेई, आणि त्यात थकलेले व्याज मुद्दल होऊन बसे. संरक्षणाचा नियम अडलेल्या माणसावर कसा उलटतो, हे आपण मुरब्बआतच्या खतात पाहिलेच आहे.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावात काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावरून गावातल्या देशमुखांचे घर पाडावयास घेतले आणि गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा पेटला आणि पुणे-नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. चौकशी आयोगाने नोंदवलेली एक बाब प्रसिद्ध आहे. जमावाचे लक्ष्य सर्वत्र एकच होते: खते, हुकूमनामे, कागद. ते मिळवून जाळावयाचे. सावकाराने मुकाट्याने कागद दिले तर बहुधा त्याच्या अंगाला हात लागत नसे.

येथे बायबलच्या जगातील दोन प्रसंग आठवतात. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील यरुशलेमात, लोक आक्रोश करतात की दुष्काळात धान्यासाठी आम्ही शेते आणि घरे गहाण टाकली, राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढले, आता मुले दास्यात जात आहेत. भीमथडीच्या शेतकऱ्याची कैफियत याहून वेगळी काय होती? नहेम्या स्वतःही धनको होता. त्याने सभा बोलावून सर्वांकडून शेते आणि व्याज परत देण्याची शपथ घेतली आणि आपला पदर झटकून दाखवला: जो वचन मोडील त्याला देव असाच झटकून टाको. दुसरा प्रसंग इसवी सन ६६चा. रोमविरुद्धच्या बंडात यरुशलेमातील बंडखोरांनी दप्तरखाना पेटवला, आणि त्यात सावकारांची खते जाळण्याचा हेतू होता, असे इतिहासकार जोसेफस सांगतो. जेथे नहेम्या भेटत नाही तेथे पाळी दप्तरखान्यावर येते.

सुप्याच्या ज्वाळांतून १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा निघाला. न्यायालयाने केवळ खत न पाहता त्यामागच्या व्यवहाराचा सारा इतिहास तपासावा, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालू नये, अशा त्यातील तरतुदी खऱ्या अर्थाने नव्या होत्या. पण धनकोची भीती येथेही जागी झाली. गहाणखत न्यायालयात टिकेना, तेव्हा पुष्कळ सावकार खरेदीखतच लिहून घेऊ लागले. हिल्लेलने ज्या अडचणीवर वळसा काढला तीच ही अडचण. महात्मा फुले यांनी १८८३च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा शोध घेतला, तेव्हा दोषाची रेषा त्यांनी एकट्या सावकाराशी थांबवली नाही. सारा, कारकुनी आणि न्यायालय यांच्यापर्यंत ती नेली. हे त्या काळातील सर्वांत खोल निदान होते.

वसईची वाट

उपनगरांच्या उत्तरेस, खाडीपलीकडे, वसईत या प्रश्नाला वेगळे उत्तर देण्याचा प्रयत्न झाला. तेथील कॅथॉलिक शेतकरी केळी, पानवेली आणि भाजीपाला पिकवून मुंबईला पुरवीत, आणि सावकाराच्या वहीत अडकून राहात. १९१८ साली मोन्सिन्यॉर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने तेथे सहकारी पतसंस्था उभी राहिली. आजची बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक ती हीच. १९०४च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागे जर्मनीतील फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन यांचा नमुना होता. रायफायझन गावचे नगराध्यक्ष होते. प्रथम ख्रिस्ती भावनेने त्यांनी गरिबांसाठी धर्मादाय मंडळी काढल्या, आणि केवळ दानाने भागत नाही असे दिसल्यावर शेतकऱ्यांनी एकमेकांना जामीन राहून कर्ज घ्यावे, या मार्गाला ते वळले.

'अनुवादा'च्या पंधराव्या अध्यायात सुटकेच्या आज्ञेला लागूनच दुसरी आज्ञा आहे: गरीब भावापुढे मूठ आवळू नको, हात मोकळा सोड, त्याला लागेल तेवढे उसने दे. म्हणजे सोडणे आणि देणे या तेथे जोडीच्या आज्ञा आहेत. पहिलीमुळे जुना फास सुटतो, दुसरीमुळे पुढच्या पेरणीची सोय होते. प्रोझबुलने, १८७९च्या कायद्याने आणि वसईच्या पतसंस्थेने या जोडीशी आपापल्या परीने झुंज घेतली. 'पत' हा आपला शब्द येथे बोलका आहे. त्यात पैशाची विश्वासार्हता आहे आणि माणसाची प्रतिष्ठाही आहे.

वसईचाच आणखी एक धागा येथे जोडला पाहिजे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. वसईची हिरवी जमीन वाचवण्यासाठी लढलेल्या हरित वसई संरक्षण समितीचेही ते नेते होते. योबेल वर्षाच्या नियमाचा पाया हाच की जमीन कायमची विकता येत नाही, कारण ती देवाची आहे आणि माणसे तिच्यावरची पाहुणी. गावठाणांभोवतीची शेते एकेक करून इमारतींखाली गेलेली ज्यांनी पाहिली, त्या अंधेरी-बोरिवलीच्या वाचकाला हा नियम केवळ प्राचीन वाटणार नाही.

माफी की मुक्ती

आता आजच्या शब्दांकडे येऊ. २००८च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने सुमारे साठ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. महाराष्ट्रात २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराजांच्या आणि २०१९ साली महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने योजना आल्या. पहिल्या राज्य योजनेची मर्यादा दीड लाखांची, दुसरीची दोन लाखांची. २०१९च्या योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती' हा शब्द होता. वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात 'कर्जमाफी' हाच रुळला. हा भेद किरकोळ नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने फार पूर्वीपासून 'माफी'ला हरकत घेतली होती. माफी गुन्हेगाराला असते. शेतीमालाचे भाव धोरणाने पाडल्यामुळे जे कर्ज झाले, त्यात शेतकऱ्याचा गुन्हा कोणता? म्हणून मागणी मुक्तीची.

भाषेच्या अंगाने पाहिले तर प्रभूच्या प्रार्थनेतील 'अपराध' आणि 'ऋण' यांच्यात जे अंतर आहे तेच हे अंतर आहे. कर्जाला अपराध म्हटले की सोडणारा उंच होतो आणि सुटणारा मान खाली घालतो. ख्रिस्ती इतिहासातही असे घडले. पोप आठवे बोनिफास यांनी १३०० साली पहिले ज्युबिली वर्ष जाहीर केले ते पापांच्या शिक्षेतून सुटकेसाठी. कर्जाचा अर्थ मागे पडला. सात शतकांनी, २००० सालच्या ज्युबिलीच्या निमित्ताने, गरीब राष्ट्रांवरील कर्ज रद्द करण्याची चळवळ उभी राहिली, आणि २०२५च्या ज्युबिली वर्षासाठी पोप फ्रान्सिस यांनी तीच मागणी पुन्हा केली. शब्दाला त्याचा जुना अर्थ परत मिळण्यास इतका काळ लागला.

आपल्या योजनांना बायबलचा मापदंड लावावा असे आम्ही सुचवत नाही. निधर्मी राज्याचा कारभार कोणत्याही धर्मग्रंथावर चालू नये. पण वरील इतिहासातून तीन प्रश्न उरतात आणि ते कोणत्याही योजनेला विचारता येतात. सुटका ऋणकोच्या हक्काची आहे की देणाऱ्याच्या मर्जीची? बाबिलोनच्या राजांची मर्जी आणि निवडणुकीचे पंचांग यांत फार अंतर नसते. सोडले जात आहे ते कोणाचे येणे? बँकेचे कर्ज सुटते; खाजगी सावकाराचा कागद, कान्होबाच्या वाट्यासारखा, शाबूत राहतो. आणि सुटकेनंतरच्या पेरणीला हात मोकळा कोण सोडणार?

साहित्याच्या विद्यार्थ्याला या प्रश्नांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. उत्तर शब्दातच आहे. 'माफी' म्हणावयाचे की 'मुक्ती', 'अपराध' की 'ऋण', हे ठरवताना आपण एका माणसाची मान खाली घालावयास लावतो किंवा ताठ ठेवू देतो. महिपतींच्याच चरित्रकथेत त्याच इंद्रायणीत पुढे अभंगांच्या वह्याही बुडवल्या गेल्या, आणि त्या वर आल्या. खते वर आली नाहीत. ती वर यावीत असे देहूत कोणाला वाटले असेल, असे दिसत नाही.